गाडीचा एसी काढायचाय? आधी गॅसचं बघा

मुंबईत गाडीचा एसी कोणी हौसेने काढत नाही. पंधरा वर्षांच्या हॅचबॅकची कूलिंग कॉइल गळायला लागते, भरलेला गॅस महिन्या-दोन महिन्यांत उडून जातो, आणि कॉइल, कंप्रेसर, मजुरी धरून एसीवाला जो आकडा सांगतो तो ऐकल्यावर आपल्याला गाडीचीच किंमत आठवते. कोणाकडे जुनी पद्मिनी असते आणि तिला मागाहून बसवलेला एसी आता नुसता बोनेटखाली जागा अडवून असतो. खाऱ्या हवेने कंडेन्सरचं ॲल्युमिनियम खाल्लेलं असतं ते वेगळंच. मग वाटतं, नट खोलायचे चार पाने आहेत, रविवार आहे, सोसायटीचं पार्किंग आहे. आपणच काढून टाकू.

पाने चालवायचं काम घरी जमण्यासारखं आहे. गॅस काढायचं काम घरी करायचं नाही, आणि ते आधी झाल्याशिवाय पाना उचलायचाही नाही.

हल्लीच्या बहुतेक गाड्यांमध्ये जो ‘गॅस’ असतो तो आर-१३४ए. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांवरच उकळतो. कंप्रेसर त्याची वाफ दाबतो, रेडिएटरच्या पुढ्यातला कंडेन्सर तिची उष्णता बाहेर टाकून तिचा द्रव करतो, ड्रायर त्यातला ओलावा शोषतो. मग एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून तो द्रव डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. तिथे दाब एकदम पडतो, द्रव उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून ओढून घेतो.

गाडी बंद असली तरी पाइपांत दाब असतोच. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब ठरतो तो तापमानावरून, गॅस किती उरलाय त्यावरून नाही. ३० अंशांत उभ्या गाडीत तो भरतो सुमारे ६.७ बार, गेजवर ९७ पीएसआयच्या आसपास. घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत जेमतेम १ बार असतो. त्यामुळे ‘एसी थंडच करत नाही, म्हणजे गॅस गेलेला असणार’ हा हिशेब धोक्याचा. कंप्रेसर जाम झाला असेल तर गॅस आहे तिथेच, पुरेपूर असू शकतो.

अशा पाइपाचा नट सैल केला की द्रव फवाऱ्यासारखा बाहेर येतो आणि जिथे पडेल तिथली उष्णता घेऊन उकळतो. बोटांवर पडला तर कातडी गोठते. डोळ्यात गेला तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. शिवाय ही वाफ हवेच्या साडेतीन पट जड असते. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये किंवा गॅरेजच्या खड्ड्यात ती तळाशी साचून तिथला प्राणवायू बाजूला सारते, आणि गाडीखाली आडवा झालेला माणूस नेमका तिथेच श्वास घेत असतो. तिला फारसा वास नसतो, त्यामुळे कळतही नाही. शेजारी कोणी बिडी ओढत असेल किंवा ज्योत पेटलेली असेल तर तापून तिचं विघटन होतं आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू तयार होतात. जुन्या गाड्यांतल्या आर-१२ पासून तर फॉस्जीनही बनू शकतो.

रस्त्याकडेचे काही मेकॅनिक यावर सोपा उपाय करतात. सर्व्हिस पोर्टच्या, म्हणजे गॅस भरायच्या तोंडाच्या, टोपीखाली टायरसारखाच व्हॉल्व्ह असतो, त्याची पिन स्क्रूड्रायव्हरने दाबून धरायची. फुस्स आवाज येतो, पाइपावर पांढरं दव धरतं, दहा मिनिटांत काम तमाम. मला याचा राग येतो, आणि त्याचं कारण साध्या गुणाकारात आहे. लहान गाडीत साधारण ४५० ग्रॅम गॅस मावतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट उष्णता धरतो. म्हणजे ती दहा मिनिटं ६४० किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीची. लिटरमागे २.३ किलो धरले तर सुमारे २८० लिटर पेट्रोल झालं. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात मुंबईहून दिल्लीला जाऊन, परत येऊन, पुन्हा दिल्लीला पोचेल.

गंमत म्हणजे आर-१३४ए आला तोच मुळात सुधारणा म्हणून. आर-१२ मधला क्लोरीन वर जाऊन ओझोन नष्ट करतो, हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं. ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर आर-१२ मागे पडत गेला. नव्या गॅसमध्ये क्लोरीन नव्हता, ओझोनचा प्रश्न सुटला, तापमानवाढीचा राहिला. म्हणून असे गॅस कमी करत नेण्यासाठी २०१६ मध्ये त्याच करारात किगालीची दुरुस्ती झाली, भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली, आणि आता आर-१२३४वायएफ येतोय. तो हवामानाला जवळजवळ निरुपद्रवी आहे, पण सौम्य ज्वलनशील. तेव्हा बोनेटखालचं लेबल वाचून घ्या.

अर्थात लेबलवर लिहिलेलंच आत असेल असंही नाही. २०११ मध्ये जहाजाने माल नेणाऱ्या शीत-कंटेनरांचे स्फोट होऊन ब्राझील आणि व्हिएतनाममध्ये माणसं गेली. आर-१३४ए म्हणून भरलेल्या बनावट गॅसमध्ये आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड, मिसळलेला होता. त्याची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन जे संयुग बनतं ते हवा लागताच पेट घेतं. गाडीचे कंप्रेसर आणि कंडेन्सरही ॲल्युमिनियमचेच. गॅस कुठूनतरी स्वस्तात भरून घेतला असेल तर एसीवाल्याला तसं आधी सांगा.

थोडक्यात, रिकव्हरी मशीन असलेलं गॅरेज गाठायचं. ‘गॅस मशीनमध्ये घेणार की सोडून देणार?’ हा प्रश्न दारातच विचारायचा. मशीन कमी आणि जास्त दाबाच्या दोन्ही बाजूंचा गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरतं, आणि तो स्वच्छ करून पुन्हा वापरता येतो. निळं आणि लाल, दोन्ही गेज शून्याला आले तरी चांगला कारागीर थांबतो. कंप्रेसरच्या तेलात विरघळलेला गॅस हळूहळू सुटतो आणि काटा पुन्हा वर चढतो. तो चढायचा थांबेपर्यंत मशीन पुन्हा पुन्हा चालवावं लागतं. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर हा लेख इथेच सोडा. तिचा कंप्रेसर नारिंगी केबलवरच्या शेकडो व्होल्टवर चालतो आणि तीच यंत्रणा अनेकदा बॅटरीही थंड ठेवते.

गॅस गेला की उरतात नट-बोल्ट. इंजिन गार झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पाइपांचे नट पांढऱ्या पावडरीने धरलेले असतात. एका पान्याने जोड घट्ट धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर पाइपच पिळला जातो. डोळ्यांवर बंद चष्मा हवाच, आणि पहिला आटा तोंड बाजूला ठेवून हळू सोडायचा. तेल सांडतं, ते डब्यात धरा. पार्किंगचं गटार शेवटी समुद्रालाच मिळतं.

कंप्रेसर काढण्याआधी बेल्टचा मार्ग नीट बघा. एसीचा बेल्ट वेगळा असेल तर तो नुसता उतरवला की झालं. एकच लांब बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंपही फिरवत असेल, तर कंप्रेसरच्या जागी मोकळी पुली किंवा योग्य मापाचा आखूड बेल्ट लागतो. बिनक्लचचा कंप्रेसर मात्र एसी बंद असला तरी फिरतच राहतो, तो गॅस काढून तसाच ठेवू नका. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. कंडेन्सर काढलात तरी त्याच्यापाशी असलेल्या पंख्याला हात लावू नका, ट्रॅफिकमध्ये तोच बहुधा रेडिएटरही सांभाळतो.

कूलिंग कॉइल? माझं मत, राहू द्या. तिच्यासाठी बऱ्याच गाड्यांचा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्यात एअरबॅगची भानगड, आणि पदरात पडतं धुळीने माखलेलं किलो-दोन किलो ॲल्युमिनियम. पाइपांची तोंडं टोपीने बंद करा. फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीत, भोक उघडं पडलं असेल तर रबरी ग्रोमेटने बुजवा, नाहीतर इंजिनाचा धूर केबिनमध्ये येईल. शेजारचे दोन रबरी पाइप हीटरचे असतात, ते कापू नका.

तो हीटर जुलैत लागणार आहे. पावसाळ्यात मुंबईच्या २७ अंशांच्या हवेत घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. चार अंशांच्या कॉइलवरून गेलेल्या हवेत उरतं जेमतेम ६ ग्रॅम, बाकीचं गाडीखाली ठिबकतं. एसी गेला की हे पाणी केबिनमध्येच राहतं आणि पावसाने गार झालेल्या पुढच्या काचेवर आतून धरतं. अशा वेळी बाहेरची हवा घेणारं बटण चालू करायचं, पंखा काचेकडे वळवायचा आणि हीटर थोडा उघडायचा. तापलेली हवा आणखी वाफ धरू शकते, शिवाय काचही जरा ऊबदार होते. मागच्या खिडक्या बोटभर खाली ठेवल्या की दमट हवेला बाहेर जायला वाट मिळते.