लगेच ठोका म्हणण्याआधी मुंबईत आधी काय काय झालंय ते

हल्ला झाला की दोन दिवस लोकलमध्ये, नाक्यावर, फॅमिली ग्रुपवर एकच चालू असतं, आता घुसून मारा. राग खरा असतो, मलाही येतो. 26/11 नंतर 3 डिसेंबर 2008 ला गेटवेला जी तोबा गर्दी जमली होती तिच्यातही हाच राग होता.

पण मागचं बघा जरा. 12 मार्च 1993 ला दुपारी शेअर बाजारापासून स्फोट सुरू झाले, 257 माणसं गेली, टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या कोर्टाचा निकाल यायला 2006 उजाडलं. त्याच खटल्यातल्या आरोपी अबू सालेमला 2005 मध्ये पोर्तुगालहून आणलं तेव्हा फाशी देणार नाही अशी हमी द्यावी लागली. दाऊद आणि टायगर मेमन अजून हाती लागलेले नाहीत.

2001 ला संसदेवर हल्ला झाल्यावर सैन्य सीमेवर नेलं, ऑपरेशन पराक्रम, जवळपास दहा महिने तिथेच. युद्ध झालं नाही, पण सुरुंग आणि अपघातांत आपले जवान गेलेच.

26/11 नंतर लगेच प्रतिहल्ला करायचा का यावर दिल्लीत खरंच विचार झाला होता. तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन स्वतः लगेच उत्तर द्यावं या मताचे होते, नंतर त्यांनीच लिहिलं की संयम ठेवला ते बरोबर होतं. मला पण तसंच वाटतं, आणि त्याचं कारण गिरगाव चौपाटीवर आहे. मुंबई पोलिसांतल्या तुकाराम ओंबळेंनी हल्लेखोराच्या एके-47 ची नळी धरून ठेवली, अंगावर गोळ्या घेतल्या, म्हणून कसाब जिवंत सापडला. तो आमचा नाहीच म्हणणाऱ्या पाकिस्तानला फेब्रुवारी 2009 मध्ये कटाचा काही भाग पाकिस्तानातच शिजला हे कबूल करावं लागलं. कसाबला वकील दिला, खटला सुप्रीम कोर्टापर्यंत नेला आणि मगच 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी दिली, त्यामुळे जगात कोणी बोट दाखवू शकलं नाही. दहशतवादाचा तपास करणारी एनआयए डिसेंबर 2008 मध्येच उभी राहिली, 2009 मध्ये मुंबईत एनएसजी कमांडोंचं केंद्र आणि राज्याचं फोर्स वन हे कमांडो पथक आलं, किनाऱ्याची जबाबदारी नेव्हीकडे गेली, कोळी बांधवांना ओळखपत्रं मिळाली. 2018 ला पाकिस्तान दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे देखरेखीखालच्या देशांच्या यादीत गेला आणि 2020 मध्ये लष्कर-ए-तोयबाच्या हाफिज सईदला तिथल्याच कोर्टाने टेरर फंडिंगमध्ये शिक्षा दिली. 26/11 च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा तर एप्रिल 2025 मध्ये भारताच्या ताब्यात आला, म्हणजे सोळा वर्षं कोणीतरी ती फाईल सोडली नाही.

मात्र संयम म्हणजे ढिलाई नाही, आणि इथे मला 7/11 आठवतं. 11 जुलै 2006, वेस्टर्न लाईन, संध्याकाळची गर्दी, फर्स्ट क्लासच्या डब्यांत सात स्फोट, 180 हून जास्त माणसं गेली. 2015 ला बारा जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी, आणि जुलै 2025 मध्ये हायकोर्टाने सगळ्यांनाच निर्दोष ठरवलं, पुरावे टिकलेच नाहीत. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलंय, पण त्या संध्याकाळी ज्यांची माणसं घरी पोचली नाहीत ते 19 वर्षांनी परत तेच विचारतायत, मग बॉम्ब ठेवले कोणी?