परदेशी नोकरी: एमिग्रेशन क्लिअरन्स, कागदपत्रे आणि बोगस एजंटविरुद्ध तक्रार

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे जाण्याआधी तपासणी आवश्यक) असा शेरा असतो. असा पासपोर्ट घेऊन सौदी, कुवेत, ओमान, कतार, मलेशिया, थायलंड अशा 18 देशांत नोकरीला जायचे तर एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याची सरकारी परवानगी, घ्यावाच लागतो. बाईमाणसाचे वय किमान 30 हवे. पासपोर्ट काढल्यानंतर दहावी झाली असेल, तर प्रमाणपत्र जोडून पासपोर्ट नव्याने काढा, शेरा निघतो.

अर्ज केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर, बहुधा नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटमार्फत होतो. किमान 6 महिने मुदतीचा पासपोर्ट, नोकरीचा व्हिसा, पगार लिहिलेला करार आणि प्रवासी भारतीय विमा लागतो. विम्याचा हप्ता 2 वर्षांना 275 रुपये, संरक्षण 10 लाखांचे. कराराची प्रत घरीही ठेवा.

एजंटचा नोंदणी क्रमांक पैसे देण्याआधी पोर्टलवर टाकून पाहा: नोंदणी चालू आहे, निलंबित आहे की संपली? एजंटच्या नोंदणीच्या आधाराने गावात फिरणारा सबएजंट नोंदणीकृत ठरत नाही. सेवाशुल्काची कमाल मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे, आणि पावती मिळालीच पाहिजे.

सगळ्यात जास्त माणसे अडकतात ती ‘आता व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ’ या एका वाक्यात. अशा माणसाचा करार भारतीय दूतावासाकडे नसतो, विमाही नसतो. थायलंडला नोकरी म्हणून नेलेली मुले म्यानमारच्या सायबर फसवणूक केंद्रांत डांबली गेली, ती याच वाटेने.

नोंदणीशिवाय भरती करणे हा 1983च्या एमिग्रेशन कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद आणि दंड जेमतेम 2,000 रुपयांपर्यंत. लाखोंनी उकळणाऱ्याला हा दंड काहीच नाही. पंजाबने म्हणूनच 2012 मध्ये मानवी तस्करीविरोधी स्वतंत्र कायदा करून एजंटांना परवाना सक्तीचा केला. आपल्याकडे एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम 318(4) घालण्याचा आग्रह धरा. डांबून राबवून घेतले असेल तर मानवी व्यापाराचे कलम 143ही. त्याला 7 ते 10 वर्षे सक्तमजुरी आहे.

तक्रारीसोबत बँक किंवा यूपीआय व्यवहारांचे उतारे, व्हॉट्सॲप संभाषण, जाहिरात, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती जोडा. एक प्रत मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (एमिग्रेशन क्लिअरन्स देणारे केंद्राचे अधिकारी) कार्यालयाला पाठवा. एमिग्रेशन कायद्याखाली खटला भरायला एरवी केंद्राची पूर्वपरवानगी लागते. फसलेल्या माणसाने स्वतः किंवा त्याच्या वतीने आईवडील, पती-पत्नी, भावंडांनी तक्रार केली तर लागत नाही. तेव्हा तक्रार शेजाऱ्याच्या किंवा कार्यकर्त्याच्या नावाने देऊ नका.