लहान ट्रॅक्टरचे बॅलास्ट

ट्रॅक्टरच्या मूळ वजनात कामापुरती घातलेली भर म्हणजे बॅलास्ट. बोलताना शेतकरी याला 'वजन लावणे' किंवा 'वेट टाकणे' म्हणतात. पुढच्या बंपरवर अडकवायच्या बिडाच्या पाट्या, मागच्या चाकाच्या रिमला बोल्टने बसवायच्या चकत्या, टायरात भरलेले पाणी आणि मागच्या लिंकेजवर, म्हणजे अवजार जोडायच्या दांड्यांवर, उचललेला वजनाचा ठोकळा असे त्याचे चार प्रकार नेहमी दिसतात. मागचे चाक जागच्या जागी फिरू नये, ट्रॅक्टर पुढून उचलू नये आणि उतारावर आडवा होऊ नये, यांपैकी एका किंवा अनेक कारणांसाठी वजन लावले जाते. प्रत्येक कारणासाठी ते वेगळ्या जागी लागते, म्हणून किती किलो यापेक्षा कुठे हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

मोठ्या ट्रॅक्टरमध्ये ही निवड थोडी चुकली तरी खपून जाते. तीस अश्वशक्तीखालच्या लहान ट्रॅक्टरमध्ये खपत नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत आठ-दहा फुटांच्या ओळींतून फिरणाऱ्या या ट्रॅक्टरांचे वजन पुष्कळदा टनाच्या आत असते. त्यातल्या काहींची लिफ्ट ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाइतके ओझे उचलू शकते. म्हणजे हायड्रॉलिक जे उचलेल ते पुढच्या चाकांना पेलवेलच असे नाही. माहितीपत्रकातली लिफ्टची क्षमता पाहून अवजार घेणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

हे तरफेचे गणित आहे. समजा, ८५० किलोच्या ट्रॅक्टरचा ४० टक्के भार, म्हणजे ३४० किलो, पुढच्या आसावर आहे आणि दोन आसांतले अंतर दीड मीटर आहे. मागच्या आसापासून ९० सेंटिमीटर मागे गुरुत्वमध्य असलेले २५० किलोचे अवजार उचलले की पुढच्या आसावरचे १५० किलो कमी होतात आणि १९० उरतात. एकूण ११०० किलोत हा वाटा १७ टक्के होतो. स्टिअरिंग नीट लागण्यासाठी पुढच्या आसावर निदान २० टक्के भार हवा, असा सर्वसाधारण नियम आहे. आता पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे ५० किलोच्या पाट्या लावल्या, तर त्या बाहेर लोंबत असल्याने पुढच्या आसावर ५० नव्हे, सुमारे ६७ किलो वाढतात आणि वाटा २२ टक्क्यांवर जातो. वाढीव १७ किलो मागच्या आसावरून आलेले असतात. तेच ५० किलो मागच्या चाकांना लावले असते, तर पुढच्या आसाला काहीच मिळाले नसते. लिंकेजवर बसवलेल्या फवारणी पंपाची टाकी भरलेली असताना पुढचा भाग हलका आणि रिकामी होत जाईल तसा जड होतो, म्हणून हिशेब भरलेल्या टाकीचाच करावा.

अवजार कोणते, यावरही बरेच अवलंबून असते. रोटाव्हेटरची पाती फिरताना ट्रॅक्टरला उलट पुढेच ढकलतात. त्याला ओढ फारशी लागत नाही, म्हणून रोटाव्हेटरसाठी मागची चाके जड करणे बहुधा वाया जाते. त्याला वजन हवे ते बांधावर वळताना, अवजार उचललेले असताना, आणि तेही पुढे. नांगराची गोष्ट वेगळी. त्याची ओढ आणि वजन लिंकेजमधून मागच्या चाकांवर उतरते. आयरिश अभियंता हॅरी फर्ग्युसन यांनी तीन बिंदूंची जोडणी आणि ओढीनुसार चालणारे हायड्रॉलिक यांची सांगड घातली ती याच तत्त्वावर. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ९एन ट्रॅक्टरमुळे ती सर्वदूर पोहोचली आणि हलका ट्रॅक्टरही नांगरट करू लागला.

मागे वजन खरोखरच हवे असेल, तर पाणी सर्वांत स्वस्त. व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत भरले की टायर सुमारे ७५ टक्के भरतो, उरलेल्या जागेत हवा. हे वजन खाली राहते आणि आसाच्या बेअरिंगवर पडत नाही. पण पंक्चर काढताना जीव मेटाकुटीला येतो, आणि पावसाळ्याआधी ते काढून टाकावे असे वाटले तरी कोणी काढत नाही. बिडाच्या चकत्या महाग असल्या तरी काम संपले की उतरवता येतात. बागेत त्याच चाकोरीतून हंगामभर फेऱ्या होतात. ओल्या काळ्या जमिनीत प्रत्येक जादा किलो माती दाबतो, तेव्हा उतरवता येणारे वजन माझ्या मते केव्हाही बरे. थंड देशांत पाण्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. त्याने पाणी गोठत नाही आणि जडही होते, पण गळले तर रिम गंजते. निफाडचा पारा थंडीत एका आकड्यावर येतो, तरी टायरातले पाणी काही गोठत नाही. इथे त्या मिठाची गरज नाही.

पुढे लोडर असलेल्या लहान ट्रॅक्टरमध्ये सगळे उलटते. असे ट्रॅक्टर अमेरिकेत घरोघरच्या शेतवाडीत वापरतात. बकेट भरली की पुढचा आस दबतो आणि मागची चाके हलकी होतात. टायरातले पाणी मागची चाके जमिनीवर ठेवते, पण पुढच्या आसावरचा भार कमी करत नाही. तो कमी होतो मागच्या आसाच्याही मागे टांगलेल्या ठोकळ्याने, मग तो काँक्रीटने भरलेला डबा असो वा एखादे जड अवजार. उतारावर मात्र डबा खाली ठेवावा. उंच उचललेले वजन ट्रॅक्टर आडवा व्हायलाच मदत करते. तिथे चाकांतले अंतर वाढवणे आणि टायरात पाणी भरणे अधिक उपयोगी.

बोनेटवर किंवा बंपरवर माणूस बसवून ट्रॅक्टर दाबून धरण्याची पद्धत सर्रास दिसते. तो घसरला तर थेट चाकाखाली जातो. दोरीने बांधलेली वाळूची पोतीही धक्क्याने सुटतात.

वजन पुरेसे आहे का, हे शेतातच कळते. मागच्या टायरवर खडूची खूण करून अवजार वर उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे आणि तेच अंतर अवजार जमिनीत घालून किती फेऱ्यांत कापले जाते ते पाहावे. साडेअकरा लागल्या तर घसरण सुमारे १३ टक्के झाली. नांगरटीत दोन चाकांच्या ओढीच्या ट्रॅक्टरला १० ते १५ टक्के घसरण चालते. त्याहून बरीच कमी असेल तर वजन जास्त झाले आहे: डिझेल जाते आणि गिअरवर ताण येतो. मध्य प्रदेशातील बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची ओढ बॅलास्टसह आणि बॅलास्टशिवाय अशी दोन्ही प्रकारे तपासतात. नवा ट्रॅक्टर घेताना तिच्या चाचणी अहवालातले हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले, की जादा वजनाने त्या नमुन्याची ओढ किती वाढते ते कळते.