केप सेबल चिमणी: किनारी गवताळ प्रदेशातील घटत्या संख्येची पार्श्वभूमी

माळरानावरचे चंडोल खरोखरच कमी होत आहेत का, हा प्रश्न ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह जवळ आला की नागपूरच्या पक्षीमित्रांमध्ये हमखास निघतो. एका हंगामाच्या नोंदींवरून त्याचे उत्तर का देता येत नाही, हे अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला राहणाऱ्या केप सेबल चिमणीच्या इतिहासातून फार स्पष्ट दिसते. (घरचिमणीपेक्षा तिचे नाते भारीटांशी अधिक जवळचे आहे.)

१९१८ मध्ये आर्थर हॉवेल यांना हा पक्षी केप सेबल येथे सापडला. १९३५ च्या चक्रीवादळाने तिथली वस्ती नाहीशी केली, तरी एव्हरग्लेड्स या दक्षिण फ्लोरिडातील विस्तीर्ण पाणथळ प्रदेशाच्या गवतात तो तग धरून राहिला. १९६७ मध्ये त्याचा समावेश संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत झाला.

पहिली सर्वंकष गणना १९८१ ची. हेलिकॉप्टर दर किलोमीटरवर उतरवायचे, सात मिनिटे कान देऊन ऐकायचे आणि २०० मीटरच्या आतले पक्षी नोंदवायचे, अशी ही पद्धत होती. एवढे वर्तुळ म्हणजे चौरस किलोमीटरचा सुमारे आठवा भाग, शिवाय गाणाऱ्या प्रत्येक नरामागे एक मादी गृहीत धरलेली. त्यामुळे नोंदवलेल्या प्रत्येक पक्ष्यामागे १६ पक्षी मोजले गेले. अंदाज सुमारे ६,६०० निघाला. पुढची पूर्ण गणना थेट १९९२ मध्ये झाली आणि आकडा जवळजवळ तोच आला, त्यामुळे संख्या स्थिर असल्याचे चित्र उभे राहिले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अँड्र्यू चक्रीवादळ आले. पण एव्हरग्लेड्सच्या पश्चिम भागातील वस्तीचा घात मुख्यतः पाण्याने केला, असे माझे मत आहे. हा पक्षी कोरड्या दिवसांत जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर घरटे बांधतो. पाणी अडवण्यासाठी बांधलेल्या दरवाजांतून सोडलेले पाणी गवतात साचून राहिले, तर वीण होतच नाही, आणि अल्पायुषी पक्ष्याला असे लागोपाठ दोन-तीन हंगाम वाया जाणे झेपत नाही. तेथील अंदाज १९९२ मध्ये अडीच हजारांहून अधिक होता, तो वर्षभरात पाचशेच्या आत आला. यानंतर गणना दरवर्षी होऊ लागली आणि एकूण संख्या दीर्घकाळ तीन हजारांच्या आसपास राहिली. पश्चिमेकडील वस्ती मात्र पुन्हा सावरली नाही.