लुथरन मंडळी आणि तिच्या सेवाकार्याचे नियोजन : पाच शतकांची पार्श्वभूमी

पुढील तीन ते पाच वर्षांच्या सेवाकार्याचा आराखडा लिहून काढणे, तो सभासदांच्या सभेत मंजूर करून घेणे आणि त्याप्रमाणे अंदाजपत्रक बांधणे ही आज अनेक देशांतील लुथरन मंडळ्यांची, म्हणजे मार्टिन ल्यूथर यांची शिकवण मानणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती चर्चची, नेहमीची पद्धत झाली आहे. या आराखड्यांत येणारे ध्येयविधान, बलस्थाने, उणिवा, परिसराची पाहणी, टप्पे, मूल्यमापन हे शब्द उद्योगजगतातून आले आहेत आणि त्यामुळे मंडळीतील कित्येक जुन्याजाणत्या सभासदांना हा सगळा प्रकारच परका वाटतो. त्यांच्या शंकेत तथ्य आहे. परंतु परके आहेत ते शब्द, काम नव्हे. मंडळीने एकत्र बसून आपल्या भागातील गरजू कोण हे ठरवावे, पैशाचा उघड हिशेब ठेवावा, उपासना, शिक्षण आणि सेवा यांची एकच व्यवस्था लावावी, ही रीत सोळाव्या शतकातील युरोपीय धर्मसुधारणेच्या पहिल्याच दशकात सुरू झाली होती आणि ती व्यवहाराच्या सोयीपेक्षा शिकवणीतून अधिक आली होती.

मध्ययुगीन युरोपात दानधर्म हा देणाऱ्याच्या आत्म्याच्या हिताचा विषय मानला जात असे. गरिबाला दिलेले दान देणाऱ्याच्या पदरी पुण्य जोडते, अशी समजूत असल्याने भिक्षेला एक धार्मिक स्थान होते आणि गरिबी हटवण्याची निकड कोणाला फारशी भासत नव्हती. मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ साली विटेनबर्ग येथे मांडलेल्या ९५ प्रबंधांपैकी ४३व्या प्रबंधात, पापदंडमाफीची पत्रे विकत घेण्यापेक्षा गरिबाला देणे किंवा गरजूला उसने देणे श्रेष्ठ आहे, असे म्हटले आहे. पुढे मनुष्य कृपेने, विश्वासाच्या द्वारे नीतिमान ठरतो ही शिकवण जसजशी स्पष्ट होत गेली, तसतसा दानाचा हेतूच बदलला. देवाला आपल्या सत्कृत्यांची गरज नाही, ती शेजाऱ्याला आहे, असे एकदा मान्य केले की शेजाऱ्याला नेमके काय हवे आहे हा प्रश्न आपोआप पुढे येतो आणि त्याचे उत्तर चौकशी केल्याशिवाय मिळत नाही. १५२० साली जर्मन सरदारवर्गाला उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत ल्यूथर यांनी दोन गोष्टी एकत्र मांडल्या: बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण याजक आहे, आणि प्रत्येक शहराने आपल्या गरिबांची स्वतः सोय करून भीक मागण्याची वेळ कोणावर येऊ देऊ नये. मंडळीच्या नियोजनाचा पाया याच दोन विधानांत आहे, असे मला वाटते.

विटेनबर्ग शहराने जानेवारी १५२२ मध्ये सामाईक निधीची व्यवस्था स्वीकारली. मात्र या व्यवस्थेचा सर्वांत तपशीलवार नमुना सॅक्सनी या जर्मन प्रांतातील लाइसनिग या छोट्या गावाने १५२३ साली तयार केला आणि त्याला ल्यूथर यांनी स्वतः प्रस्तावना लिहिली. हा दस्तऐवज आजच्या कोणत्याही नियोजन समितीने एकदा तरी वाचावा असा आहे. चर्चमधील सर्वांत सुरक्षित जागी एक मोठी पेटी ठेवायची आणि तिला चार वेगवेगळी कुलपे लावायची, असे त्यात ठरले होते. एक किल्ली सरदारांकडे, दुसरी नगरपरिषदेकडे, तिसरी गावातील नागरिकांकडे आणि चौथी आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांकडे असायची. म्हणजे चौघे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडणे शक्य नव्हते. कारभार पाहण्यासाठी दरवर्षी दहा जण निवडायचे होते: दोन सरदार, दोन नगरपरिषदेचे, तीन नागरिक आणि तीन शेतकरी. या दहा जणांनी दर रविवारी बसायचे, हिशेबाच्या आणि ठरावांच्या वह्या ठेवायच्या आणि वर्षातून तीन वेळा भरणाऱ्या सर्वसाधारण सभेपुढे आपले काम मांडायचे, असा नियम होता.

पेटीतील पैसा कशावर खर्च व्हावा याचा क्रमही त्या लेखात दिलेला आहे. पाळक आणि चर्चचे सेवक यांचे वेतन, मुलांची शाळा, बारा वर्षांखालील मुलींना शिकवण्यासाठी एक पोक्त आणि सचोटीची स्त्री, वृद्ध व अपंगांचा निर्वाह, अनाथांचे पालनपोषण, अडचणीत आलेल्या कारागिरांना उसनी रक्कम, बाहेरून येऊन नव्याने वसणाऱ्यांना मदत, इमारतींची डागडुजी आणि टंचाईच्या काळासाठी धान्याचा साठा या सर्वांची तरतूद एकाच निधीतून व्हायची होती. निधी अपुरा पडला तर सभेने घरटी वार्षिक वर्गणी ठरवावी, असेही कलम होते. उपासनेचा खर्च आणि परिसराच्या सेवेचा खर्च असे दोन वेगळे हिशेब लाइसनिगकरांनी मांडले नाहीत. पुढच्या पाच शतकांत जी फारकत झाली तिचा मागमूसही इथे दिसत नाही, आणि म्हणूनच मला हा नमुना मोलाचा वाटतो.

हा आराखडा कागदावर जितका भक्कम होता तितका प्रत्यक्षात टिकला नाही. जुन्या धर्मदाय मालमत्तांचे उत्पन्न ज्या नगरपरिषदेच्या ताब्यात होते, तिने ते सामाईक पेटीत जमा करण्यास नकार दिला. मंडळीने राजाधिकाऱ्यांकडे दाद मागितली, ल्यूथर यांनीही आपला शब्द खर्ची घातला, तरी कारभाऱ्यांच्या हाती पुरेसा पैसा आला नाही. ज्यांच्याकडे साधने आहेत त्यांचा होकार मिळवण्याआधी आराखडा मंजूर झाला, तर तो कितीही न्याय्य असला तरी अडतो, हे लुथरन इतिहासात इतक्या लवकर दिसून आले.

लाइसनिगमध्ये जे अडले ते इतरत्र योहानेस बुगेनहागन यांनी अधिक व्यवहारी पद्धतीने मार्गी लावले. विटेनबर्गचे हे पाळक संघटनेच्या कामात विलक्षण कुशल होते. ब्राउनश्वाइग (१५२८), हाम्बुर्ग (१५२९) आणि ल्यूबेक (१५३१) या शहरांसाठी आणि नंतर डेन्मार्कसाठी (१५३७) त्यांनी चर्चव्यवस्थेचे नियम घडवले. गरिबांचा पैसा इमारती आणि वेतनात जिरून जाऊ नये म्हणून गरिबांची पेटी आणि चर्चची पेटी वेगळी ठेवण्याची पद्धत त्यांच्या नियमांत दिसते. गरिबांसाठी नेमलेल्या सेवकांना ते बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अन्नवाटपासाठी नेमलेल्या सात जणांशी जोडत. याच सुमारास, १५२७ ते १५२९ या काळात, सॅक्सनीतील मंडळ्यांची प्रत्यक्ष पाहणी करण्यात आली. खेड्यापाड्यांतील लोकांना, आणि कित्येक पाळकांनाही, मूलभूत शिकवण ठाऊक नाही हे पाहून ल्यूथर हादरले आणि १५२९ मध्ये त्यांनी लहान प्रश्नोत्तरावली लिहिली. आधी जाऊन पाहणे, मग काय कमी आहे ते ओळखणे आणि त्यानुसार साधन तयार करणे, हा क्रम इथे स्पष्ट दिसतो.

परंतु ही पाहणी राजसत्तेच्या आदेशाने झाली होती, आणि त्याचा परिणाम दूरगामी ठरला. जर्मन प्रांतांत आणि स्कँडिनेव्हियात चर्चचा कारभार राज्यकर्त्यांच्या यंत्रणेत गेला, पाळक सरकारी नेमणुकीचे झाले आणि सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकपण शिकवणीत राहिले तरी निर्णयांत उरले नाही. मंडळीने ठरवायचे असे फारसे काही शिल्लक नव्हते. ही कोंडी फोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न फिलिप याकोब श्पेनर यांनी फ्रँकफुर्टमध्ये केला. १६७० पासून त्यांनी आपल्या घरी छोटे अभ्यासगट भरवले आणि १६७५ मध्ये सामान्य सभासदांना वचनाच्या (बायबलच्या) अभ्यासात आणि सेवेत सामील करून घेण्याच्या ठोस सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचे अनुयायी आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांना १६९५ मध्ये हाले येथे दानपेटीत चार थालर आणि सोळा ग्रोशेन ही त्या काळची जर्मन नाणी मिळाली. तेवढ्या रकमेतून त्यांनी पुस्तके घेतली, एका विद्यार्थ्याला शिक्षक नेमले आणि गरीब मुलांची शाळा सुरू केली. १६९८ मध्ये अनाथालयाच्या भव्य इमारतीची पायाभरणी झाली. पुढे छापखाना आणि औषधालय उभे राहिले, त्यांच्या उत्पन्नावर सेवाकार्य चालले, आणि १७०६ मध्ये तमिळनाडूतील तरंगंबाडीला उतरलेले बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युट्शाउ हे मिशनरीही याच चळवळीच्या संस्कारांत घडलेले होते.

एकोणिसाव्या शतकात कारखान्यांच्या शहरांनी नवा प्रश्न उभा केला. योहान हिनरिश विखेर्न यांनी १८३३ मध्ये हाम्बुर्गजवळ निराधार मुलांसाठी आश्रम काढला, तर १८३६ मध्ये कैसर्सवेर्थ येथे टेओडोर फ्लीडनर या प्रशियाच्या संयुक्त (लुथरन व रिफॉर्म्ड) चर्चमधील पाळकांनी सेविकांचे, म्हणजे सेवेला वाहून घेतलेल्या स्त्रियांचे, मातृगृह स्थापन केले आणि लुथरन मंडळ्यांनी तो नमुना लगेच उचलला. सप्टेंबर १८४८ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, विटेनबर्ग येथे भरलेल्या परिषदेत विखेर्न यांनी विश्वासाइतकेच प्रेमही चर्चचे आहे असे ठासून सांगितले आणि त्यातून ‘अंतर्गत मिशन’ची, म्हणजे देशातल्याच गरजूंमधील कार्याची, मध्यवर्ती समिती उभी राहिली. या कार्याचा वारसा सांगणारी डियाकोनी ही यंत्रणा आज जर्मनीत लाखो कर्मचाऱ्यांना काम देते. रुग्णालये, वृद्धाश्रम, अपंगांच्या शाळा यांची ही उभारणी थोर आहे, यात शंका नाही. मात्र सेवा संस्थांकडे गेली तशी ती मंडळीच्या दैनंदिन जीवनातून हळूहळू बाहेर पडली. रविवारी उपासनेला येणाऱ्याने वर्गणी द्यावी आणि गरजूची गाठ प्रशिक्षित कर्मचाऱ्याने घ्यावी, अशी विभागणी रूढ झाली. आजच्या आराखड्यांत ‘परिसराशी नाते जोडणे’ हा वेगळा मुद्दा लिहावा लागतो, त्याचे एक मोठे कारण या विभागणीत आहे.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली, कारण तिथे चर्चच्या मागे राजा नव्हता. १७४२ मध्ये फिलाडेल्फियाला पोहोचलेल्या हाइनरिश मेल्खिओर म्युलेनबेर्ग यांना विखुरलेल्या, कर्जात असलेल्या आणि भोंदू उपदेशकांनी फसवलेल्या मंडळ्या आढळल्या. त्यांनी १७४८ मध्ये पाळक आणि मंडळ्यांचा पहिला टिकाऊ संघ स्थापन केला आणि १७६२ मध्ये फिलाडेल्फियाच्या मंडळीला लेखी घटना मिळाली, जिच्यात सभासदांनी निवडलेल्या पंचांकडे कारभार होता. ही घटना पुढे अनेक मंडळ्यांना नमुना ठरली. सॅक्सनीतून आलेल्या स्थलांतरितांमध्ये सी. एफ. डब्ल्यू. वॉल्थर यांनी मंडळीच्या अधिकाराची बाजू लावून धरली, आणि १८४७ मध्ये स्थापन झालेल्या मिसूरी सिनड या चर्चसंघात मतदार सभासदांच्या सभेला निर्णायक स्थान मिळाले. पैसा, इमारत, शाळा, पाळकाला बोलावणे हे सर्व सभेने ठरवायचे असल्याने नियोजन टाळताच येत नव्हते. त्या नियोजनाचा परीघ मात्र बराच काळ आपल्याच भाषेच्या माणसांपुरता होता. जर्मन, स्वीडिश, नॉर्वेजियन कुटुंबांना शोधून एकत्र करणे हेच बाहेर पोहोचण्याचे काम मानले जाई. विल्यम पासावंट यांच्यासारखे पाळक या परिघाबाहेर गेले. १८४९ मध्ये त्यांच्या प्रयत्नाने कैसर्सवेर्थहून सेविका पिट्सबर्गला आल्या आणि तेथील रुग्णालयात रुजू झाल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी शहरांभोवती नवी उपनगरे वाढली आणि तिथे नव्या मंडळ्या कुठे उभारायच्या याचे नियोजन चर्चच्या मध्यवर्ती कार्यालयांतून होऊ लागले. १९६० च्या दशकात व्यूहात्मक नियोजन ही संकल्पना मोठ्या कंपन्यांत रुजली, १९८० च्या दशकात ती सेवाभावी संस्थांपर्यंत आली आणि तिथून मंडळ्यांत शिरली. तिचा शिरकाव ज्या काळात झाला तो काळ महत्त्वाचा आहे. १९८८ मध्ये तीन चर्चसंघ एकत्र येऊन अमेरिकेतील सर्वांत मोठा लुथरन चर्चसंघ बनला, तेव्हा त्याची सभासदसंख्या ५० लाखांहून अधिक होती. आता ती ३० लाखांच्या खाली आहे. आराखडा ही अशा रीतीने घटत्या संख्येच्या चिंतेतून मागवलेली वस्तू झाली आणि ‘लोक परत कसे आणायचे’ हा प्रश्न ‘शेजाऱ्याला काय हवे आहे’ या मूळ प्रश्नाच्या जागी जाऊन बसला. नियोजनाला होणारा विरोध मी समजू शकतो तो याच कारणाने.

या वळणाला उत्तर देणारे विचारही त्याच काळात पुढे आले. परिसरातील उणिवांची यादी करण्याऐवजी तिथल्या माणसांची कौशल्ये, नाती आणि संस्था यांपासून सुरुवात करावी, हा जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट यांनी १९९३ मध्ये मांडलेला विचार अनेक मंडळ्यांनी स्वीकारला. १९४७ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे स्थापन झालेल्या लुथरन जागतिक महासंघाने २००४ मध्ये मिशनविषयी आणि २००९ मध्ये सेवाकार्याविषयी काढलेल्या दस्तऐवजांत परिवर्तन, समेट आणि सक्षमीकरण हे तीन शब्द केंद्रस्थानी ठेवले. समाजाच्या वतीने काम करण्यापेक्षा त्याच्या सोबतीने चालावे, ही भूमिका त्यातून पुढे आली.

कोणत्या गोष्टी नियोजनाच्या कक्षेत येतात याचे उत्तर लुथरन परंपरेकडे १५३० पासून आहे. आउग्सबुर्ग येथे सादर झालेल्या विश्वासपत्राच्या सातव्या कलमानुसार, शुभवर्तमान शुद्ध रीतीने शिकवले जाणे आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे संस्कार योग्य रीतीने दिले जाणे एवढे चर्चच्या ऐक्याला पुरेसे आहे. माणसांनी घातलेले रीतिरिवाज सर्वत्र सारखे असण्याची गरज नाही. १५७७ च्या एकमतपत्र या लुथरन शिकवणीच्या दस्तऐवजाच्या दहाव्या कलमाने हाच धागा पुढे नेला आणि ज्या गोष्टींची वचनात आज्ञाही नाही व मनाईही नाही, त्या स्थळकाळानुसार बदलण्याची मोकळीक मंडळीला दिली. उपासनेची वेळ, समित्यांची रचना, इमारतीचा वापर, निधीचे वाटप हे सर्व या मोकळिकीत मोडते. वचन आणि संस्कार मात्र देणगी म्हणून मिळालेले आहेत. त्यांचे फळ किती आणि केव्हा येईल याचा आकडा उद्दिष्ट म्हणून लिहिता येत नाही. किती घरांना भेटी द्यायच्या हे समितीने ठरवावे. किती जणांच्या मनात विश्वास उत्पन्न होईल हे ठरवणे तिच्या हाती नाही. हा भेद ज्या आराखड्यात पाळला जातो तो सभासदांना परका वाटत नाही, असे माझे ठाम मत आहे.

सध्या जे काम सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी चर्चिले जाणारे आहे ते समाप्तीच्या नियोजनाचे. काही मोजक्याच वृद्ध सभासदांवर उभ्या असलेल्या मंडळ्या शेवटची रक्कम छप्पर दुरुस्तीत संपवण्याऐवजी, हातात काही शिल्लक असतानाच, जागा परवडणाऱ्या घरांसाठी किंवा नव्या भाषिक मंडळीसाठी देण्याचा निर्णय घेऊ लागल्या आहेत. त्यासाठी मालकीहक्काची कागदपत्रे, सिनडची संमती, दफनभूमीची आणि जुन्या नोंदवह्यांची जबाबदारी, पाळकाच्या पुढील नेमणुकीची सोय हे सर्व दोन-तीन वर्षे आधीपासून ठरवावे लागते आणि अखेरचा ठराव सभासदांच्या सभेतच संमत व्हावा लागतो.