रेनजॅकेटात पाणी कुठं मुरतं?

बेळगाव-गोवा वाटेवरच्या जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात पावसाळी भटकंतीला निघालेल्या पोरांच्या अंगावर हल्ली नावाजलेल्या कंपन्यांची जॅकेटं दिसतात. आत शिवलेल्या लेबलवर हिरवं पान, खाली ‘जुन्या बाटल्यांपासून बनवलेलं’ अशी ओळ. त्या पानावर कितपत भरवसा ठेवायचा हे ठरवायचं, तर कापड शिंप्याच्या टेबलावर येण्याआधी त्याचं काय झालं ते बघावं लागतं.

आपल्याकडे हे समजायला इचलकरंजी पुरे. मागावरून उतरलेलं कोरं कापड प्रोसेसला जातं. तिथं खळ काढणं, ब्लीच, रंगाई, धुणं, वाळवणं, सगळं गरम पाण्यावर आणि वाफेवर चालतं. जॅकेटचं पॉलिएस्टर तर साधारण १३० अंश सेल्सिअसला, दाबाखाली रंगवतात. एरवी रंग धाग्यात नीट शिरत नाही. म्हणजे बॉयलर आला, त्याला इंधन आलं, शेवटी रंगीत सांडपाणी आलं. इचलकरंजीच्या सांडपाण्यानं पंचगंगा बिघडल्याची ओरड जुनी आहे. ही नदी नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे आपल्या चिकोडी, रायबाग, अथणीकडे येते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पाणी काही तारखेसाठी थांबत नाही.

तेव्हा कंपनीच्या अहवालात आधी शोधायचं ते प्रोसेस हाऊसचं नाव. शिलाई कारखान्यांची यादी बऱ्याच कंपन्या देतात. कापड कुठं रंगलं, तिथला बॉयलर कशावर चालतो, हे सांगताना हात आखडतो. कार्बनच्या हिशेबात कंपनीची स्वतःची ऑफिसं, दुकानं आणि त्यांची वीज पहिल्या दोन खात्यांत मोडते, पुरवठादारांचं उत्सर्जन ‘स्कोप ३’ नावाच्या तिसऱ्या खात्यात. कपड्याच्या धंद्यात बहुतांश बोजा या तिसऱ्या खात्यावर असतो. ‘आमची दुकानं सौरऊर्जेवर’ हे वाक्य खरं असलं तरी त्यानं फारसं काही कळत नाही.

आता पावसाचं. चांगल्या जॅकेटवरून थेंब अळवाच्या पानावरून घरंगळावा तसा घरंगळतो. त्यासाठी कापडाला वर्षानुवर्षं फ्लोरिनयुक्त रसायनांचा लेप देत आले; या कुळाला पीफास म्हणतात. कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातला बंध सेंद्रिय रसायनांतल्या सर्वांत चिवट बंधांपैकी एक. त्यामुळेच लेप टिकतो, आणि त्यामुळेच धुण्यातून, झिजेतून, कारखान्याच्या सांडपाण्यातून बाहेर पडलेली ही रसायनं निसर्गात मोडता मोडत नाहीत. यातलं पीएफओएस २००९ साली आणि पीएफओए २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. कंपन्यांनी मग या दोन्हींतली आठ कार्बनची साखळी सोडून सहाची धरली. तीही पीफासच! लेबलवर नुसतं ‘पीएफओए-मुक्त’ असेल तर तिथं पाणी मुरतंय असं समजावं. ‘पीफास-मुक्त’ असं स्पष्ट हवं, आणि ते लेपाला तसंच आत पाणी अडवणाऱ्या पातळ पडद्यालाही लागू असायला हवं. असे पडदे बनवणाऱ्या गोअर-टेक्सचा मूळ पडदा फ्लोरिनवालाच होता. फ्लोरिन नसलेला नवा पडदा त्यांनी २०२२ साली बाजारात आणला.

मेणाचे किंवा सिलिकॉनचे लेप पाणी झटकतात, तेल नाही. अंगाचं तेल आणि मळ साचला की ते लवकर भिजू लागतात, म्हणून जॅकेट जरा जास्त वेळा धुवावं लागतं. चोर्ल्याच्या धारांत तेल झटकायची गरज कुणाला पडते? ही तडजोड मला मान्य आहे.

बाटल्यांचं कौतुक मात्र मला थोडं अतीच वाटतं. पॅटागोनिया या अमेरिकी कंपनीनं १९९३ साली बाटल्यांपासून फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ पॉलिएस्टर कापड, बनवलं तेव्हा ते नवलाचं होतं. नव्या पॉलिएस्टरपेक्षा यात ऊर्जा कमी लागते, हे खरं. पण बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. लायक्रा, पडदा, गोंद यांच्याशी जोडलेल्या जॅकेटाचं पुन्हा जॅकेट होणं फार अवघड. शिवाय धुताना तंतू सुटतातच. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ मधल्या अभ्यासात ६ किलो पॉलिएस्टर कपड्यांच्या एका धुण्यातून सुमारे ५ लाख तंतू सुटतील असा अंदाज निघाला. धागा बाटलीचा असला म्हणून तो सुटायचा राहत नाही.

गुणांकनावरही डोळे मिटून विसंबू नये. नॉर्वेतल्या नॉरोना या गिर्यारोहण कपड्यांच्या कंपनीनं कापडाचा पर्यावरणावरचा बोजा मोजणाऱ्या ‘हिग’ निर्देशांकाचे आकडे जाहिरातीत वापरले, तेव्हा २०२२ साली तिथल्या ग्राहक प्राधिकरणानं ते दिशाभूल करणारे ठरवले. भारतातही २०२४ पासून ‘पर्यावरणपूरक’ असं मोघम लिहिणाऱ्यांनी पुरावा द्यावा अशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आकडा बघताना तो दर जॅकेटमागे आहे की एकूण, हेही बघावं. दर जॅकेटमागचं उत्सर्जन २० टक्क्यांनी घटलं आणि विक्री दीडपट झाली, तर ०.८ गुणिले १.५ म्हणजे १.२, बोजा २० टक्क्यांनी वाढलाच.

या कसोट्यांवर आपलं घोंगडं सहज पुढे जातं. दख्खनी मेंढीची काळी लोकर असेल तर रंगाई नाही, ताण्याला चिंचोक्याची खळ, आणि लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषूनही ओली वाटत नाही. पण भिजलं की जड होतं आणि वाळायला दिवस घेतं. ते पाठीवर घेऊन घाट चढायला मी कुणाला सांगणार नाही.

राहता राहिलं वापराचं आयुष्य. जॅकेट दोनऐवजी आठ वर्षं चाललं तर बनवतानाचा बोजा वर्षाला एक चतुर्थांश होतो. बाहेरचं कापड ओलं धरू लागलं की बरेच जण ते गळतंय समजून नवं घेतात. आधी ते धुवून, लेबलवर परवानगी असेल तर मंद इस्त्री फिरवून बघावं. उष्णतेनं लेप बऱ्याचदा पुन्हा जागेवर येतो. चेन गेली तर गल्लीतला शिंपी बदलून देईल, मात्र सुईची भोकं आतून टेपनं बंद करावी लागतात, नाहीतर तिथून पाणी येतं. ते काम कंपनी स्वतः करून देते का, किती पैशांत, हे दुकानदाराला बिल करण्याआधीच विचारावं.