टायनीप्रॉक्सी
टायनीप्रॉक्सी हा युनिक्ससदृश प्रणालींवर (उदा. लिनक्स) चालणारा, सी भाषेत लिहिलेला हलका वेब प्रॉक्सी सर्व्हर आहे. ब्राउझरची विनंती घ्यायची, संकेतस्थळाकडे पोचवायची आणि उत्तर आणून द्यायचे, एवढेच त्याचे काम. स्क्विड या दुसऱ्या प्रॉक्सीसारखी तो पाने साठवून ठेवत नाही. त्यामुळे त्याला साधारण २ एमबी मेमरी पुरते आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरही तो सहज चालतो. पण पाने साठत नसल्याने डेटा वाचवण्यासाठी त्याचा उपयोग नाही.

डेबियन व उबुंटू या लिनक्स प्रणालींवर तो एपीटी या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाने बसवतात. त्याची कॉन्फिग (मांडणीची) फाईल इटीसी डिरेक्टरीतल्या टायनीप्रॉक्सी फोल्डरमध्ये असते आणि मूळ पोर्ट ८८८८ असतो. फाईल बदलली की सेवा रीस्टार्ट करावी.

खरे काम परवानग्यांचे आहे. सुरुवातीला कॉन्फिग फाईलमधल्या ‘अलाऊ’ (परवानगी) ओळीत फक्त त्याच यंत्राचा पत्ता असतो, म्हणून घरातल्या दुसऱ्या संगणकाला ४०३ (प्रवेश नाकारला) हे उत्तर मिळते. तिथे घरच्या नेटवर्कमधल्या पत्त्यांचा पट्टा, उदा. १९२.१६८.१.०/२४, जोडावा. काही उत्तरच आले नाही, तर आधी फायरवॉल तपासावी. ४०३ आले याचा अर्थ विनंती प्रॉक्सीपर्यंत पोचली आहे. वैतागून सगळ्या अलाऊ ओळींपुढे हॅश (#) लावून त्या निष्क्रिय करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. एकही ओळ उरली नाही की टायनीप्रॉक्सी कोणालाही आत घेतो. सार्वजनिक पत्त्यावरच्या अशा उघड्या प्रॉक्सीतून इतरांनी केलेल्या उपद्व्यापांचा जाब सर्व्हरच्या मालकाला द्यावा लागतो. प्रॉक्सीने कोणत्या पत्त्यावर विनंत्या ऐकायच्या हे ठरवणाऱ्या ‘लिसन’ ओळीत अंतर्गत पत्ता लिहिणे ही सुरक्षेची दुसरी कडी.

एचटीटीपीएसची वाहतूक तो न उघडता पुढे सोडतो. त्यामुळे अशा ठिकाणी नको ती संकेतस्थळे अडवणाऱ्या फिल्टरला फक्त डोमेनचे नाव दिसते, पानाचा पूर्ण पत्ता नाही. फिल्टरच्या फाईलमधली प्रत्येक ओळ रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराशी जुळवून पाहायचा नमुना, असते. नुसते एक्स डॉट कॉम लिहिले, तर नेटफ्लिक्सचे डोमेनही अडते, कारण इंग्रजीत त्याचा शेवट त्याच अक्षरांनी होतो. म्हणून पूर्ण नावच जुळावे यासाठी नावाच्या आधी ^, शेवटी $ आणि टिंबापूर्वी \ द्यावे. मग उपडोमेनांसाठी वेगळी ओळ लागते.

ब्राउझर ते प्रॉक्सी हा टप्पा एन्क्रिप्ट होत नाही, म्हणून ‘बेसिकऑथ’ या नाव-पासवर्ड तपासणीचा पासवर्डही वाटेत वाचता येतो. बाहेरून वापरायचा असेल, तर प्रॉक्सी १२७.०.०.१ या त्याच यंत्राच्या पत्त्यावरच ठेवून एसएसएच टनेल या एन्क्रिप्टेड मार्गातून जावे. मे २०२४ मध्ये १.१०.० आणि १.११.१ या आवृत्त्यांतली मेमरीची गंभीर त्रुटी उघड झाली. तिची दुरुस्ती १.११.२ मध्ये आहे.